दूर राहून एकत्र प्रार्थना: लेंटचे सात बुधवार आणि उत्तम शुक्रवारची साखळी कशी बसवावी? (सोलापूर)

तरुणसंघ_सचिव

जय ख्रिस्त. २०२६ च्या लेंटसाठी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी, दोन गोष्टी बसवायच्या आहेत. पहिली, १८ फेब्रुवारीच्या राखेच्या बुधवारपासून १ एप्रिलपर्यंत सात बुधवार, रात्री ९ वाजता अर्धा तास सामुदायिक प्रार्थना. दुसरी, गुरुवार २ एप्रिलच्या रात्री ९ पासून शुक्रवार ३ एप्रिलच्या दुपारी १२ पर्यंत, म्हणजे उत्तम शुक्रवारची उपासना सुरू होईपर्यंत, आळीपाळीने चालणारी, न तुटणारी प्रार्थनेची साखळी.

माणसं विखुरलेली. घरं रेल्वे लाईन्स, जुळे सोलापूर, विजापूर रोड ते बाळे अशी पसरलेली. मुलं पुण्याला नोकरीत. सिस्टर (नर्स) लोक दुबईत, कुवेतला, इंग्लंडमध्ये. एक कुटुंब न्यू जर्सीला. सातआठ वृद्ध बटणाच्या फोनवाले. काहींची रात्रपाळी. निम्म्या घरांत प्रार्थना मराठीत चालते, काही घरांत तेलुगूत.

ग्रुपवर नुसती लिंक टाकली की पहिल्या बुधवारी तीस जण, चौथ्या बुधवारी सहा, हे सगळीकडेच दिसतं. ज्यांना याची नीट माहिती आहे त्यांनी बारकाव्यासकट सांगावं. एकत्र येणं खरोखर एकत्र व्हावं, एवढीच इच्छा.

विजापूर_रोड

आधी घड्याळ. आपले रात्रीचे ९ म्हणजे दुबईत साडेसात, कुवेतला साडेसहा. या दोन्ही ठिकाणी घड्याळ वर्षभर सारखं असतं, तिथे घोळ नाही. घोळ इंग्लंड-अमेरिकेचा. न्यू जर्सीत ७ मार्चपर्यंत सकाळचे साडेदहा, ८ मार्चपासून साडेअकरा. इंग्लंडमध्ये २८ मार्चपर्यंत दुपारचे साडेतीन, २९ मार्चपासून साडेचार. तुमचे सात बुधवार या दोन्ही तारखांवरून जातात. शेवटच्या बुधवारी इंग्लंडची सिस्टर जुन्या हिशेबाने साडेतीनला फोन उघडून बसेल, तेव्हा आपल्याकडे आठ वाजलेले असतील. कुणीच नाही म्हणून ती फोन ठेवून देईल, आणि आपल्याला वाटेल ती विसरली.

निरोपात प्रत्येक गावाची वेळ दर आठवड्याला नव्याने लिहा. “भारतीय वेळेनुसार” एवढं लिहून भागत नाही, वजाबाकी करताना माणूस चुकतो.

दुसरं, सोलापूरचं. शहरात पाणी रोज येत नाही. ज्या भागात पाणी यायचा वार आणि प्रार्थनेची वेळ एकच, तिथली बाई नळाकडे जाणार, आणि तिने जायलाच हवं. आपल्या भागांच्या पाण्याच्या वेळा विचारून मगच रात्रीचे ९ पक्के करा.

हार्मोनियम_काळीदोन

आवाजाबद्दल सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के मोड इथेच होतो.

फोनवर सर्वांनी मिळून गाणं होत नाही. आवाज नेटवरून जायला आणि यायला वेळ लागतो. एकत्र गाताना साधारण २५-३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर माणसाला सोसतो. ग्रुप कॉलवर तो त्याच्या कितीतरी पट असतो, परदेशातला माणूस असला तर आणखी. पुढारी इतरांचा आवाज ऐकून थांबतो, इतर पुढाऱ्याचा ऐकून थांबतात, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत चाल मरते.

उपाय एकच. एका घरात पेटी आणि गाणारे, बाकी सगळे म्यूट. म्यूट राहून प्रत्येकाने आपल्या घरात मोठ्याने गायचं. पेटीवाल्याने कुणाची वाट पाहायची नाही, आपल्या लयीत पुढे जायचं. ऐकणाऱ्याला त्याच्या कानात पेटी आणि स्वतःचा गळा जुळलेला ऐकू येतो, तेवढं पुरे.

फोन पेटीपासून तीन-चार फूट लांब, गाणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीवर. पेटीवरच ठेवला तर भात्याची धाप आणि पट्ट्यांची खटखट जाते, शब्द जात नाहीत. झूम वापरणार असाल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा. नाहीतर अ‍ॅप पेटीच्या लांब सुरांना गोंगाट समजून दाबतं: सूर आधी येतो, मग बुडतो, मग परत येतो. ढोलकीचंही तेच. टाळ्या तर नकोतच.

एका घरात दोन फोन कॉलवर असले की कर्कश शीळ वाजते. एकाचा स्पीकर आणि माइक दोन्ही बंद करा, नुसता माइक बंद करून प्रतिध्वनी थांबत नाही. एप्रिलमध्ये कूलर. कूलरचा वारा थेट माइकवर आला तर बोलणाऱ्याचे शब्द फाटतात. कूलर बंद करायला सांगू नका, त्या उकाड्यात कोण करेल? फोनची पाठ वाऱ्याकडे ठेवायला सांगा.

गीताचा नुसता क्रमांक देऊ नका, पहिली ओळ द्या. घरोघरी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची वेगवेगळ्या वर्षांची प्रत असते, क्रमांक जुळतीलच असं नाही.

फर्दापूरकर_नव्हे_बाळेकर

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचंही हेच ना? सगळे एकदम म्हणतात तेव्हा नुसता कालवा होतो.

हार्मोनियम_काळीदोन

होय, आणि त्याचं कारण वेगळं आहे. अ‍ॅप प्रतिध्वनी मारायला बसलेलं असतं, म्हणून अनेक जण एकदम बोलले की एकदोन आवाज पुढे आणतं आणि बाकीचे कापतं. कापाकापी दर सेकंदाला बदलते, म्हणून एक शब्द वृद्ध बाईचा, पुढचा लहान पोराचा. एकानेच म्हणायचं, बाकी म्यूट. तेलुगू घरांनी म्यूटवर आपल्या भाषेत म्हणावी. पुढाऱ्याने प्रत्येक विनंतीनंतर एक श्वास थांबावं, म्हणजे भाषा वेगळी असली तरी सगळे मागेपुढे न होता “आमेन”ला एकत्र पोचतात.

रोजरी_कुटुंब

आम्ही कॅथलिक, तरी लिहितो, कारण आमच्याकडच्या काही लोकांना तुमच्या बुधवारीही यायला आवडेल. मिश्र मंडळी असली तर एक गोष्ट आधी सांगून ठेवा. आम्ही “वाइटापासून सोडव” इथे थांबतो, तुम्ही “राज्य, सामर्थ्य व गौरव” म्हणून पुढे जाता. सूचना नसेल तर अर्धे थांबतात, अर्धे चालू राहतात, आणि थांबलेल्याला परक्या घरात आल्यासारखं होतं. पुढाऱ्याने सुरुवातीलाच सांगावं, “शेवटच्या ओळीसह म्हणू या.” एवढं पुरतं.

रोजरीची, म्हणजे आमच्या मण्यांच्या माळेवरच्या प्रार्थनेची, रचना मुळातच दोन बाजूंची. प्रार्थनेचा पहिला अर्धा पुढारी म्हणतो, दुसरा अर्धा बाकीचे. फोनवर मात्र उत्तर देणाऱ्यांचं घरही एकच ठरवायचं. माळेत दहा-दहा मण्यांची पाच दशकं, दर दशकाला उत्तराचं घर बदलायचं, म्हणजे पाच घरांचा आवाज सर्वांना ऐकू येतो. पुढाऱ्याने पुढची ओळ उत्तर पूर्ण ऐकून सुरू करायची, सवयीने शेवटच्या शब्दावर चढायचं नाही. समोरासमोर १५-२० मिनिटांत होणारी रोजरी फोनवर २५ घेते. तेवढा वेळ धरूनच चला. लेंटमध्ये मंगळवार-शुक्रवार दुःखाची रहस्ये (ख्रिस्ताच्या दुःखसहनावरचं मनन) येतात, त्या दिवशी घाई केली की मनन राहतच नाही.

सिस्टर_नाईटड्युटी

कोणतं साधन, तेही सांगते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुप कॉलला ३२ जण, वेळेची मर्यादा नाही. झूम फुकटात १०० जण, पण ४० मिनिटांवर तुटतं. गुगल मीट फुकटात १०० जण, तिघांपेक्षा कमी नसतील तर ६० मिनिटं. अर्ध्या तासाला तिन्ही चालतात. एका फोनसमोर घरचे चार जण बसणार असतील तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ३२ मध्ये अख्खी मंडळी बसते. व्हिडिओ सुरुवातीचे दोन मिनिटं, तोंडं पाहायला, आणि शेवटी आशीर्वादाला. मधे बंद. व्हिडिओला तासाला एक जीबीच्या आसपास डेटा जातो, नुसत्या आवाजाला ३० ते ५० एमबी. महिनाअखेरीला रिचार्ज संपत आलेल्या घराला हा फरक मोठा असतो, आणि ते घर तोंडाने सांगत नाही.

लाईट गेली की वायफाय जातं. कॉल चालवणाऱ्या घरी तरी रूटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हवा, नाहीतर मोबाइल डेटा चालू करून ठेवलेला दुसरा फोन. कॉलचा मालक दुसऱ्या एकालाही करून ठेवा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. प्रार्थनेचे विषय. “अमुक ताईंच्या किडनीसाठी प्रार्थना करा” हा निरोप संध्याकाळपर्यंत चार ग्रुपवर फिरतो, आणि त्या ताईंच्या सासरी दुसऱ्याच तोंडून कळतं. म्हणून विषय ज्याचा, त्याची परवानगी आधी. आजाराचं नाव, वॉर्ड, दवाखाना, सलाईन लावलेला फोटो, काही नको. “आपल्या एका बहिणीची शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी आहे” एवढं सांगून पूर्ण प्रार्थना होते. देवाला पत्ता लागत नाही. लग्न, कर्ज, दारू, घरातलं भांडण हे विषय ग्रुपवर लिहायचेच नाहीत, पाळकसाहेबांना फोन करायचा. विषयांच्या ग्रुपला निरोप आपोआप पुसण्याची ७ दिवसांची सोय लावा.

आणि प्रत्येक विषयाला शेवट द्या. पुढच्या बुधवारी पहिली दोन मिनिटं उपकारस्तुती: मागच्या विषयांचं काय झालं. बरं झालं, नाही झालं, माणूस प्रभूकडे गेला, जे असेल ते. हे न सांगितल्याने लोक हळूहळू गळतात. महिनाभर ज्याच्यासाठी गुडघे टेकले त्याचं काय झालं हेच कळलं नाही, तर पुढच्या वेळी गुडघे जड होतात.

स्त्रीसमाज_होटगीरोड

सिस्टरचं शेवटचं अगदी खरं.

बटणाच्या फोनवाल्यांचं बघा की. साध्या फोनच्या कॉन्फरन्समध्ये बहुतेक ठिकाणी आपण धरून सहा जण बसतात. आठ वृद्ध असतील तर चार-चारचे दोन गट करा, प्रत्येक गटाला एक ताई. तिने स्वतःचा साधा कॉल आणि मोठा कॉल एकमेकांना जोडायच्या भानगडीत पडू नये, आवाज घुमतो. तिने आपल्या चौघांची वेगळी प्रार्थना घ्यावी, त्याच वेळी, त्याच वचनावर, त्याच विषयांवर. पावणेनऊला प्रत्येकाला मिस्ड कॉल, तीच घंटा.

यात कमीपणा नाही. जागतिक प्रार्थना दिन असाच चालतो. मार्चचा पहिला शुक्रवार, २०२६ मध्ये ६ मार्च. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया उपासनेचा क्रम लिहितात, २०२६ चा नायजेरियातल्या बहिणींनी लिहिला. तो अनेक भाषांत जातो, दिवस उजाडेल तसा प्रशांत महासागराच्या बेटांपासून सुरू होऊन जगभर फिरतो. एका क्षणी सगळ्या जणी बोलत नसतात, शब्द आणि दिवस एक असतो.

तरी एक सांगते. ज्याला ऐकायला कमी येतं त्याच्यासाठी फोन हे साधनच नाही. त्याच्या घरी शेजारच्या कुटुंबातल्या एकाने जाऊन बसायचं, मोठ्या अक्षरांत वचन लिहिलेला कागद हातात द्यायचा. फोन चार फूट लांब.

मत्तय_अठरा

सगळ्यांचा आदर ठेवून विचारतो. “जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत” असं वचन आहे. जमले आहेत. फोनची सवय लागली की लोक रविवारीही घरीच बसतात. ही काळजी खोटी नाही.

जुनं_वाचन

काळजी खरीच आहे, पण शास्त्रात दुसरी बाजूही भक्कम आहे. प्रेषित पौल कलस्सै गावच्या मंडळीला लिहितो की देहाने मी दूर असलो तरी आत्म्याने तुमच्याजवळ आहे. दानीएल बाबेलमध्ये दिवसातून तीनदा यरुशलेमेकडच्या खिडकीशी गुडघे टेकत असे. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या १२ व्या अध्यायात पेत्र तुरुंगात, मंडळी दुसरीकडे घरात, आणि प्रार्थना त्याच्यासाठीच चाललेली.

साखळीचा इतिहासही याच विषयाचा. २७ ऑगस्ट १७२७ ला जर्मनीतल्या हेर्नहुटच्या मोरावियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळीत २४ पुरुष आणि २४ स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेतले. बायबलच्या लेवीय पुस्तकातलं वचन त्यांच्यापुढे होतं: वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही. ती प्रार्थना शंभराहून अधिक वर्षं चालली. त्यांना कुणाचा आवाज ऐकू येत नव्हता, आपल्या तासानंतर दुसरा कुणी उभा राहणार हा भरवसा होता. आपल्या देशातलं उदाहरणही आहे. १८५८ मध्ये लुधियानाच्या मिशनऱ्यांनी जगभरच्या मंडळ्यांना हाक दिली, की १८६० च्या जानेवारीतला एक आठवडा सर्वांनी मिळून प्रार्थनेला द्यावा. पत्रं बोटीने जायची, म्हणून वर्षभर आधी विषय आणि वार ठरवून कळवावे लागले. जानेवारीतला प्रार्थना सप्ताह त्यातूनच रुजला.

एक मर्यादा मात्र पाळा. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) या कॉलवर घेऊ नका, त्याबद्दल तुमच्या पाळकसाहेबांचा आणि मंडळीचा निर्णय शेवटचा. आणि बुधवारचा कॉल रविवारच्या उपासनेच्या वेळेला कधीही हलवू नका. मत्तय_अठरा दादांच्या काळजीवर तोच इलाज आहे.

मत्तय_अठरा

हे पटलं. रविवारला हात लावायचा नाही, हे निरोपातच लिहा.

साखळी_वही

आता साखळीचा हिशेब. रात्री ९ ते दुपारी १२ म्हणजे १५ तास, अर्ध्या तासाचे ३० स्लॉट. प्रत्येक स्लॉटला दोघे हवेत, वेगवेगळ्या घरातले. एकाला झोप लागली तर दुसरा जागा. म्हणजे ६० नावं. तेवढी नसतील तर एका माणसाला दोन स्लॉट द्या, पण लागोपाठ नकोत. एकट्याच्या भरवशावर रात्रीचा स्लॉट ठेवू नका.

रात्री २ ते पहाटे साडेचार हे पाच स्लॉट परदेशातल्यांना द्या. तेव्हा इंग्लंडमध्ये रात्रीचे साडेनऊ ते बारा असतात, न्यू जर्सीत संध्याकाळचे साडेचार ते सात. त्यांना सोपं, आपल्याला आधार. रात्रपाळीच्या सिस्टरला अर्धा तास देऊ नका, तिला मधला सुट्टीचा वेळ असेल तो जादा म्हणून लिहा. तिच्यावर साखळी अवलंबून नको, रुग्ण आधी.

हस्तांतर इथे साखळी तुटते. बाहेर पडणाऱ्याने स्लॉट संपायच्या २ मिनिटं आधी पुढच्याला फोन करायचा. मेसेज नाही, फोन. उचलला तर “तुमच्याकडे देतो” म्हणून एक वचन वाचायचं आणि ठेवायचं. पुढच्या दोघांपैकी कुणीच उचलला नाही तर वहीतल्या राखीव माणसाला. तोही नाही, तर आपण पुढे १५ मिनिटं चालू ठेवून परत प्रयत्न. दर पाच स्लॉटला एक राखीव, म्हणजे सहा राखीव. अलार्म दोन लावा. डू नॉट डिस्टर्बमध्ये फोनची रिंग दबते, म्हणून बहुतेकांचा रात्रीचा हस्तांतराचा फोन वाजतच नाही. मागच्या माणसाचा नंबर ‘फेव्हरिट’मध्ये टाकून त्याला सूट द्यायची, हे बुधवारीच प्रत्येकाकडून करून घ्या.

“अर्धा तास एकट्याने काय म्हणायचं?” हा प्रश्न नक्की येईल. प्रभूच्या प्रार्थनेतल्या सात विनंत्या, प्रत्येकीला चार मिनिटं, झाले २८. उरलेली दोन हस्तांतराला. भाकरीच्या विनंतीपाशी विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे कामगार, पावसावर ज्वारी टाकणारे शेतकरी यांची नावं घ्या. क्षमेच्या विनंतीपाशी चार मिनिटं फार मोठी वाटतात, तिथे घड्याळ बघू नका.

विजापूर_रोड

वहीत “गुरुवार रात्री १२:३०” असं लिहू नका. अर्धे लोक बुधवार संपतानाची रात्र समजतात. “शुक्रवार ३ एप्रिल, ००:३०” लिहा आणि कंसात “गुरुवारी झोपायच्या वेळेनंतर”.

हार्मोनियम_काळीदोन

बुधवारी शांततेबद्दल राहिलं. फोनवर २० सेकंद कुणी बोललं नाही की लोकांना कॉल तुटला वाटतं, “हॅलो, हॅलो” सुरू होतं. शांत प्रार्थना हवीच, पण पुढाऱ्याने सांगावं, “आता एक मिनिट शांत राहू या,” आणि एका मिनिटाने “हे प्रभो, ऐक” म्हणून ती सोडवावी. एका माणसाची मोठ्याने प्रार्थना दोन मिनिटं. क्रम आधी नावांनी सांगा, नाहीतर दोघे एकदम सुरू करतात, दोघे एकदम थांबतात, आणि मग कुणीच बोलत नाही.

तरुणसंघ_सचिव

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या बुधवारचा निरोप असा लिहिला आहे, बघा:

“जय ख्रिस्त. बुधवार १८ फेब्रुवारी, सामुदायिक प्रार्थना. सोलापूर-पुणे रात्री ९. दुबई ७:३०. कुवेत ६:३०. इंग्लंड दुपारी ३:३०. न्यू जर्सी सकाळी १०:३०. कॉल ८:५५ ला उघडेल, ९:३० ला आशीर्वादाने संपेल. स्तोत्र ५१. गीताची पहिली ओळ मंगळवारी कळवू. पेटीच्या घराशिवाय सर्वांनी म्यूट ठेवून घरात मोठ्याने गावे. विषय पाचच, मंगळवार रात्री ८ पर्यंत फोनवर सांगावेत, ग्रुपवर लिहू नयेत. प्रभूची प्रार्थना शेवटच्या ओळीसह, ज्याच्या त्याच्या भाषेत. बटणाच्या फोनवाल्यांना ८:४५ ला मिस्ड कॉल येईल. रविवारची उपासना नेहमीप्रमाणे ख्रिस्तमंदिरात.”

स्त्रीसमाज_होटगीरोड

छान. फक्त पहिल्या बुधवारी उपकारस्तुतीला मागचे विषय नसतील. त्या दोन मिनिटांत प्रत्येक घराने आपलं नाव आणि गाव सांगावं. कुवेतच्या पोरीला कळू दे की बाळ्यात कोण कोण बसलंय.

साखळी_वही

आणि कागदावरच्या वहीची एक प्रत पाळकसाहेबांच्या घरी ठेवा. मोबाइल बंद पडला तरी ६० नंबर हाताशी राहतील.